शेळीनं खाल्लेला पूल

"बाई, माह्या पुलाचा एक पाय शेळीनं खाल्ला जी."

मान वर केली, तर दारात धुळीनं माखलेला एक तरुण. हातात कुरतडलेला नकाशा. हसू आवरेना…

ते साल सत्त्याऐंशी. आदिलाबादच्या एका ऑफिसात मी ट्रेसर होते — इंजिनिअरांनी आखलेलं चित्र पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचं. हा तरुण, उद्धव, इंजिनिअर; बाजारहत्नूरच्या रस्त्यावर पूल बांधत होता.

"त्याला पाय नाही, खांब म्हणतात," मी म्हटलं.

"मालूम हाय. तुमी हासता का, तेच पाहून राह्यलो."

नवी प्रत घेऊन गेला आणि आठवड्यानं परत हजर.

"आता काय खाल्लं शेळीनं?"

"काही नाही. आभार मानाचे राह्यले होते. सळ्यांच्या रेघा इतक्या साफ… मिस्त्रीनं एकदाबी इचारलं नाही."

ट्रेसरचे आभार? कुणी कधी मानले नव्हते. मी उगाच शाईची बाटली हलवत राहिले.

तो येत राहिला. मी वाट पाहत राहिले — आणि मनाला दटावतही. तो नेरडीगोंड्याच्या पाटलांचा, आम्ही बौद्ध.

हिवाळ्यात पुलाची परीक्षा ठरली. वाळूनं भरलेले ट्रक वर उभे करून पूल किती वाकतो ते मोजायचं. जास्त वाकला, तर सगळी मेहनत वाया. उद्धवनं बोलावलं, म्हणून बाबांना घेऊन गेले. कागदावर वीतभर असलेला माझा पूल नाल्यावर खरोखर उभा होता! डोळे भरून आले.

ट्रक चढू लागले. आपल्या कामाच्या भरवशावर उद्धव एकटाच पुलाखाली जाऊन थांबला. मीही उतारावरून खाली गेले.

"तारा, तुमी काऊन आल्या? वर जा!"

"रेघा माह्या हायेत."

डोक्यावर चाकं घरघरली. त्यानं माझा हात घट्ट धरला.

"पुलाचं भेव वाटते?" मी विचारलं.

"पुलाचं नाही. तुमी नाही म्हणसान, त्याचं."

मी हात सोडवला नाही. ट्रक उतरल्यावर मिस्त्री ओरडला, "साहेब, पास!"

"बाबा वर हायेत," मी हळूच म्हटलं. "त्याइलेच इचारा."

तो धावतच चढला. बाबा मास्तर होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "माह्या लेकीचं काम तुमी तिले दाखवलं… लई उपकार झाले," ते म्हणाले. मग विचारलं, "पण आमच्या घरचं जेवसान?"

"रोज वाढसान तं रोज जेवीन, गुरुजी."