एकाच तोंडात बसणारा दात

"चोरी झालीय," डॉक्टर म्हणाल्या. "दात चोरलाय."

ढब्बूने नकळत आपल्या दातांवरून जीभ फिरवली. सगळे जागच्या जागी होते. तो निवांत झाला आणि त्याने बशीतलं आणखी एक बिस्कीट उचललं.

ढब्बू आत्याचा भाचा. वय चाळिशीच्या पुढे, वजन त्याच्याही पुढे. आत्या खासगी तपास करत असे आणि ढब्बू तिच्याबरोबर जात असे. नेमकं कशासाठी, हे दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नव्हतं. दारावर 'खासगी तपास' अशी पाटी होती. तिच्याखाली कुणीतरी खडूने 'आणि नसत्या चौकशा' असं लिहून ठेवलं होतं. आत्याने ते पुसलं नव्हतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

"खरा दात की खोटा?" आत्याने विचारलं.

"कॅप. पोर्सिलेनची, समोरच्या दाताची." डॉक्टर तरुण होत्या, नीटनेटक्या होत्या आणि दोन दिवस जेवल्या नसाव्यात अशा दिसत होत्या. "दवाखान्यासमोर एक गाण्याच्या बाई राहतात. दवाखाना आधी माझ्या काकांचा होता, त्यांच्या काळापासूनच्या पेशंट. त्यांची जुनी कॅप तीस वर्षं टिकली. इतकी जपलेली की कालपरवा बसवल्यासारखी. तिथेच घोळ झाला."

"टिकली यात घोळ कसला?"

"पोर्सिलेनला वय नसतं हो. दातांना असतं. बाकीचे दात चहा-कॉफीने पिवळट होत गेले आणि तो एकटा पंचविशीतच राहिला. त्यांचा मुलगा म्हणतो, फोटोत आधी दात येतो, मागून आई येते. शिवाय हिरडी वर सरकून कड दिसायला लागली होती. म्हणून बदलायची ठरवली."

"रंग कोणी घेतला?"

"मीच. मी रंग मोजायचं यंत्र आणलंय. खुर्चीत बसल्याबसल्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मागच्या खोलीत कॅपा घडवणारे कॅपवाले बसतात, त्यांना फक्त आकडा पाठवला. त्यांना बाहेरही यावं लागलं नाही." यात डॉक्टरांना अभिमान होता, पण आज तो जरा मलूल होता. "परवा नवी कॅप लावून पाहिली. मागून किंचित उंच लागत होती. निळा कागद चावायला दिला, डाग पडला तेवढी जागा घासली. तिथे पॉलिश करून काल बसवणार होते. कॅप डबीत ठेवली. तेवढ्यात फोन आला म्हणून आत गेले. काल सकाळी बाईंसमोर डबी उघडली, तर रिकामी."

"शेजारी काय होतं?"

"दुसऱ्या पेशंटची सोन्याची कॅप. उघड्यावर. तिला कुणी हात लावलेला नाही."

आत्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. म्हणजे प्रकरण तिला आवडलं होतं.

"ढब्बू, जो दात सगळ्या जगात एकाच तोंडात बसतो, तो चोरून माणूस करेल काय?"

ढब्बूने विचार केला. "जपून ठेवेल?"

"बिस्कीट खा," आत्या म्हणाली.

"मला विचाराल तर हे कॅपवाल्यांचं काम," डॉक्टर म्हणाल्या. "कॅपा आता मोठ्या लॅबमधून मागवणार आहे. महिनाअखेर खोली रिकामी करा म्हणून त्यांना सांगितलंय. त्याचा राग. बाई आज संध्याकाळी मुलाकडे कायमच्या राहायला चालल्यात, लांबच्या शहरात, आणि चालल्यात तात्पुरता दात लावून. पोलिसांत मी जाणार नाही. पण त्यांनीच घेतलीय असं ठरलं, तर त्यांचं सामान आजच बाहेर."

दवाखान्यात शिरताना पहिली भेटली ती मदतनीस ताई. ती उपकरणं पुसत होती आणि बोलत होती. दोन्ही कामांत खंड नव्हता.

"मी नाही हो घेतला. काय करू घेऊन? बांगडीत बसवू?"

"परवा डॉक्टर आत गेल्यावर इथे कोण होतं?" आत्याने विचारलं.

"बाई होत्या खुर्चीत. मी होते. कॅपवाले पाणी प्यायला आले, बाईंकडे न बघता प्यायले आणि गेले. बाईंचा मुलगा बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. बाईंनी मला पाठवलं, त्याला सांग म्हणाल्या, येतेच."

"आणि काल?"

"काल बाई वेळेच्या आधीच आल्या. गाव सोडायचं म्हणून जीव उडालाय बघा त्यांचा. एरवी कशा येतात! गडद लाल लिपस्टिक, पिवळेधमक कपडे, लांबून ओळखू येतात. काल राखाडी कपडे आणि ओठ कोरे. खुर्ची रिकामी होती, तरी त्या खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या. कॅपवाले आतल्या दारातून बघतच राहिले. डॉक्टर म्हणाल्या, अहो, इकडे या. मग उठल्या. त्यानंतर डबी उघडली आणि हा गोंधळ."

आत्याने मान हलवली. ढब्बूनेही हलवली, पण ती सोबत म्हणून.

मागच्या खोलीत कॅपवाले होते. उंच, हडकुळे आणि आपल्या कामाबद्दल अतिशय चांगलं मत असलेले. टेबलावर पावडरींच्या बाटल्या, केसाएवढे बारीक ब्रश, प्लास्टरचे जबडे आणि कोपऱ्यात लहानशी भट्टी. मोठी खिडकी मात्र इथे नव्हती; ती बाहेरच्या खोलीत. इथल्या फटीवजा खिडकीतून समोरच्या घराचं दार तेवढं दिसायचं.

"हल्ली काम कसं आहे?" आत्याने विचारलं.

"काम? बाईंची कॅप दिली, तेव्हापासून बसून आहे. आता सगळं यंत्र करतं. यंत्राला जेवण लागत नाही आणि मतही नसतं."

ढब्बूने टेकायला भट्टीवर हात ठेवला आणि झटकन उचलला. भट्टी गरम होती. आत्याने ते पाहिलं.

"यंत्राने रंग घेतला तर बिघडतं काय?" ती म्हणाली.

कॅपवाल्यांनी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूने नारिंगी शर्ट घातला होता.

"या इकडे." त्यांनी त्याला बाहेरच्या खिडकीपाशी नेऊन स्टुलावर बसवलं. "आधी हा शर्ट झाका. भडक कपड्याचा रंग दातावर पडतो." त्यांनी ढब्बूभोवती राखाडी फडकं गुंडाळलं. "बाई माणूस असेल तर लिपस्टिक पुसायची, लाल ओठांत डोळा फसतो. दिवा बंद. दिवसाचा उजेड हवा. तोंड उघडा. अरेरे! हे दात आहेत की जुन्या पेटीच्या पट्ट्या?"

"कॉफी," ढब्बू उघड्या तोंडाने म्हणाला.

"मिटा. उघडे राहिले की दात सुकतात आणि खोटे पांढरे दिसतात. ओले असतानाच बघायचं. एका दातात एक रंग नसतो. मुळाशी पिवळा, मध्ये दुधाळ, टोकाला निळसर. कुठे एखादी बारीकशी रेघ. यंत्र सरासरी काढतं. माणसाची सरासरी काढून माणूस होतो का?"

"आणि कॅप बसवायला आलेल्या पेशंटला एवढी तयारी लागते?"

"छे! बसवायला काय, झगझगीत कपडे घालून या. ही तयारी फक्त रंग घ्यायच्या दिवशी."

"बाईंची पहिली कॅप तुम्हीच केलेली?"

"माझीच." आवाज जरा खाली आला. "याच स्टुलावर बसल्या होत्या. सगळी सकाळ लागली. कॅप तशीच राहिली, कारण त्यांनी राखली. मऊ ब्रश, साधी पेस्ट. खरखरीत पावडर घासली की चकाकी जाते आणि मग डाग धरतो. त्यांनी एकदाही घासली नाही. लोक लग्नं इतकी जपत नाहीत."

"तुम्ही जपलंत?"

"मी केलंच नाही," कॅपवाले म्हणाले आणि फडकं घडी करू लागले. त्या घडीला गरजेपेक्षा जास्त वेळ लागला.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. बाई आल्या. मागे मुलगा, कानाला फोन, हातात किल्ली. बाई आजही राखाडी कपड्यांत होत्या, ओठ कोरे. ढब्बूला त्या रंग भरायचा राहिलेल्या चित्रासारख्या वाटल्या.

"आई, अगं दात तिकडेही मिळतात," मुलगा म्हणाला. "रात्र व्हायच्या आत पोचायचंय."

"मिळत असतील रे."

"तुमच्या मातोश्रींचा दात नाहीसा होऊन तुमचा फायदा काय?" आत्याने त्याला विचारलं.

"फायदा? दोन दिवस इथे अडकलोय! रजा संपली!"

"बरोबर. तुम्ही नाही. गाडी बंद करून या बरं, धूर आत येतोय. आणि सामान नीट बांधलंय का तेही बघा."

मुलगा बडबडत बाहेर गेला. आत्या बाईंकडे वळली.

"परवा डबी तुमच्या हाताशीच होती."

"होती," बाई म्हणाल्या.

"अहो, त्यांना कशाला विचारताय?" डॉक्टर वैतागल्या. "दात त्यांचाच आहे! मी सांगते ना, कॅपवाल्यांचं सामान—"

"सामान बांधतो मी." कॅपवाले दारात उभे होते. त्यांनी पुढे येऊन एक पांढरा कण ट्रेमध्ये ठेवला. बारीकसा आवाज झाला. "मीच घेतली होती. राग आला म्हणून. बसवा आणि त्यांना जाऊ द्या."

बाईंनी दचकून वर पाहिलं.

"बघा!" डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

ढब्बू हळूच म्हणाला, "आत्या, संपलं ना?"

"आता तर सुरू होतंय. डॉक्टर, कॅप उचला. तुम्ही घासलेली जागा दाखवा."

डॉक्टरांनी भिंग लावलं. कॅप उलटसुलट केली. मग पुन्हा केली.

"घासलेली जागा नाहीच. सगळीकडे सारखी चकाकी आहे."

"म्हणजे ही कॅप कुठल्याच तोंडात गेलेली नाही. चोरीची ही नव्हेच. काम नाही म्हणणाऱ्या माणसाची भट्टी गरम का, ते आता कळलं. प्लास्टरचा जबडा होताच; काल दुपारपासून बसून यांनी नवी घडवली. आपल्यावर आळ घ्यायला." आत्या कॅपवाल्यांकडे वळली. "जिथे तुमची सगळी हयात गेली ती खोली माणूस उगाच सोडत नाही. कुणालातरी झाकायचं होतं तुम्हाला."

कॅपवाले खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"कुणाला?" ढब्बूने विचारलं.

"तू त्या स्टुलावर बसलास तेव्हा तुला काय गुंडाळलं?"

"राखाडी फडकं."

"काल बाई कशा आल्या?"

"राखाडी कप..." ढब्बूचं तोंड उघडंच राहिलं. दात सुकायला लागले.

"लिपस्टिक नाही, भडक कपडे नाहीत, दिवसाउजेडी, थेट खिडकीतल्या स्टुलावर. बसवायच्या दिवशी यातलं काहीच लागत नाही. ही तयारी रंग घ्यायच्या दिवसाची. कॅप गेलीय आणि आता रंग पुन्हा घ्यावा लागणार, हे डबी उघडायच्या आधी एकाच माणसाला ठाऊक असणार." आत्याचा आवाज मऊ झाला. "आणि तुम्हाला त्या स्टुलावर बघून यांनी ओळखलं. त्या तयारीचा अर्थ दुसऱ्या कुणाला लागणार?"

बाईंनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं. चष्म्याखाली कापसात कॅप होती.

"गेल्या खेपेला सगळी सकाळ लागली होती," त्या म्हणाल्या. "या वेळी यंत्र टेकवलं आणि झालं. हे आतून बाहेरसुद्धा आले नाहीत. मी तर जाणार. म्हटलं, एकदा तरी..."

"रंग चुकलाय म्हणायचं की हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नसावं. "मी पुन्हा करून घेतली असती."

"रंग चुकला म्हटलं असतं तर यांच्या कामाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं. ते मी कसं करू?"

"मग सरळ सांगायचं, खिडकीत बसायचंय."

"या वयात? कुठल्या तोंडाने सांगणार?"

यावर ताईचंही तोंड बंद होतं, आणि दवाखान्याच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

डॉक्टरांनी बाईंना खुर्चीकडे नेलं नाही. स्टुलावर बसवलं. दिवा बंद केला. तात्पुरता दात काढून त्यांनी आधी चष्म्याच्या घरातली कॅप लावली. ठीक दिसली, भिंतीला पांढरा रंग ठीक दिसतो तशी. मग त्यांनी कॅपवाल्यांची लावली आणि मागे सरकल्या.

दात दिसेनासा झाला. म्हणजे तिथेच होता, पण कुठला खोटा ते सांगता येईना. मुळाशी पिवळसर, टोकाला निळसर, आणि शेजारच्या दातावर होती तशीच अंधुक रेघ, केसाहून बारीक.

"ही रेघ माझ्या आकड्यात नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "रंग घेताना तुम्ही बाहेर आला नाहीत. मग न बघता कशी केलीत?"

"न बघता कोण म्हणालं?" कॅपवाले खेकसले. "रोज सकाळी समोरच्या दारातून शिकवणीला निघतात. कुणाशीतरी बोलतात, हसतात. माझी खिडकी लहान आहे. आंधळी नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली पाहिलं.

"हीच बसवा," त्या म्हणाल्या.

कॅप बसली. कॅपवाले घसा खाकरून सूचना सांगू लागले. मऊ ब्रश, साधी पेस्ट, खरखरीत पावडर नको. बाईंना सगळं पाठ होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि वर्षातून दोनदा तपासावी लागते," ते शेवटी म्हणाले. "रंग जुळतोय का ते. उजेडात."

"आई, तिकडे कोपऱ्याकोपऱ्यावर डेंटिस्ट आहेत," मुलगा दारातून म्हणाला. तो सामान बघून परत आला होता.

"असतील रे. त्यांच्याकडे खिडकी आहे का?"

मुलाने आत्याकडे पाहिलं. आत्याने ढब्बूकडे. ढब्बूने गंभीरपणे मान हलवली, या वेळी का ते कळून.

"मागच्या खोलीचं," डॉक्टर उपकरणं आवरत म्हणाल्या, "मी बघतेय, मला ती तशी कशालाच लागणार नाही. आणि टेबल बाहेर खिडकीशी आणा. आत काय दिसतंय तुम्हाला?"

"दिसायचं ते दिसत होतं," कॅपवाले म्हणाले.

गाडी निघाली. समोरच्या घराला कुलूप होतं. काच खाली करून बाई मागे वळल्या आणि हसल्या, भर उन्हात, कोऱ्या ओठांनी. कॅपवाले पायरीवर उभे होते. गाडी वळेपर्यंत ते टक लावून बघत होते.

"आपला दात बघतायत," ढब्बू कौतुकाने म्हणाला. "कसा जुळलाय ना, आत्या?"

"नाही रे," आत्या म्हणाली. "तीस वर्षांत आज पहिल्यांदाच दाताकडे बघत नाहीयेत."