मातीवरचं वजन

ही घटना खरी आहे. भुतांनी मध्यरात्री यायचं असतं, हे आलं कचेरीच्या वेळेत. जेझकाझगान शहरात, ऑक्टोबरातल्या एका दुपारी. बाहेर माळावरचा वारा घोंगावत होता.

मातीच्या प्रयोगशाळेत झेयनेश काम करत होती. नव्या रस्त्याखालची चिकणमाती पाण्याने किती फुगते, ते मोजायचं होतं. लोखंडी कड्यात माती, वर घड्याळासारखा काटा.

तिने पाणी ओतलं. काटा चढला. चढतोच.

मग... उतरला.

ओली माती अशी आपणहून बसत नाही.

पुन्हा चढला... पुन्हा उतरला...

"म्हातारे, चहा झाला का?" पलीकडच्या खोलीतून तिचा नवरा ओरडला. एरकेश. खड्डे खणून माती आणायचं काम त्याचं.

"गिळशील नंतर. ही माती कुठली आणलीस?"

"कबरस्तानाच्या कडेची. दुआ करून, तोंडावरून हात फिरवूनच खणायला घेतलं गं."

"एकट्याने?"

"दमलो, तसं फावडं खाली टाकलं. हाताला सवयच ती."

कबर खणताना फावडं कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली टाकायचं. ज्याची पाळी, तो उचलतो.

"पाठ फिरवून सिगारेट ओढली, तोवर बायमुरातने उरलेलं खणलं."

"तो ड्रायव्हर? तो मघाशी माफी मागून गेला. म्हणे, काल झोप लागली, गाडीतून उतरलोच नाही."

पलीकडे त्याची पावलं थांबली.

काटाही... थांबला.

झेयनेशला बरं वाटलं. पुढची पायरी म्हणजे फुगलेली माती दाबायची. तिने सवयीने वजन चढवलं.

पलीकडे पेला फुटला.

ती दारापर्यंत धावली. एरकेश जमिनीवर होता, छाती धरून.

"कुणीतरी... बसलंय..."

ती परत काट्याकडे पळाली. वजन काढलं.

त्याने श्वास घेतला.

काटा चढला.

"ती माती होती तिथे टाकून ये," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"कड्यातून काढली तर फुटेल ती."

तिने मातीवर अजून थोडं पाणी सोडलं.

रस्ता दुसऱ्या नमुन्यांवर आखला गेला. झेयनेश निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी तिला गालिचा दिला. ती ते कडंही घरी घेऊन आली, मातीसकट. आता ते स्वयंपाकघरात आहे, वर काटाही तसाच. रोज सकाळी आधी त्यात चमचाभर पाणी, मग चहा. सुकली तर माती तडकेल. एरकेश घोरतो तेव्हा काटा थरथरतो. ती त्याला कुशीवर वळ म्हणून सांगत नाही. घोरू दे.

परवा सकाळी कड्याखाली, जमिनीवर, एक फावडं पडलेलं होतं.

"म्हातारे, हे तू टाकलंस?"

"नाही. तू?"

अजून कुणी उचललेलं नाही. दोघं ते ओलांडून चहा करतात...