हद्दीपलीकडची कळ

दोन राज्यांच्या सीमेवरच्या त्या बूट कारखान्यात सगळ्या बाया हसतमुखाने शिवत होत्या. प्रत्येकीच्या कानामागे रुपयाएवढी एक हिरवी चकती चिकटवलेली. त्या चकतीचं नाव शामिका. दुखण्याचा निरोप ती मेंदूपर्यंत पोहोचूच देत नसे, आणि मालक याला कामगार कल्याण म्हणत. सरकार तर शामिका सगळ्याच कारखान्यांत सक्तीची करायला निघालं होतं. त्याआधीच्या सुनावणीत दाखवण्यासाठी तनुजा माहितीपट करत होती.

"आक्काताई, खरं सांगा, काहीच त्रास नाही?"

"न्हाई वो ताई. अंग कसं हलकं वाटतंय बघा."

बाई खोटं बोलत नव्हती, आणि तनुजाचा जीव त्यानेच जळत होता. हा माहितीपट कसला, कारखान्याची जाहिरातच!

चित्रीकरणाची परवानगी फाटकापर्यंतच होती. सुटी झाली, बायांनी चकत्या फाटकावर जमा केल्या आणि तनुजाने कॅमेरा पिशवीत घातला. पण बाया घराकडे निघाल्याच नाहीत. समोरच्या चिंचेखाली त्या एकमेकींचे हात मांडीवर घेऊन ओळीने बसल्या.

"घरी नाही जायचं?"

"कळ यायची हाय अजून," आक्काताई म्हणाली. "वाटंत आली तर रस्त्यातच पडतोय. कमळी तशीच ट्रकखाली गेली."

मग कळ आली. ओळीच्या एका टोकाला कोणीतरी विव्हळलं आणि बघता बघता सगळी ओळ कळवळली. आक्काताईच्या बोटात सुईचं तुटलेलं टोक रुतलं होतं. सकाळपासून ती त्याच बोटाने चामडं रेटत होती. तनुजाने कॅमेरा पुन्हा बाहेर काढला.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी चित्रफीत शांतपणे पाहिली.

"चिंच पलीकडच्या राज्यात येते," ते म्हणाले. "कारखाना आमच्याकडे. आणि कारखान्यात कुणालाही दुखताना दिसत नाही. हा भाग वगळा."

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, माणसं आहेत ती!" ती ओरडली.

शेजारी बसलेली आक्काताई उठली. पट्टी बांधलेला, सुजलेला हात तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हसनं तुमच्या हद्दीत, कळ आमच्या हद्दीत. मग साहेब, ह्यो हात कुठल्या राज्याचा म्हनायचा?"