रूपलाच्या सदऱ्याचं माप

एकोणीसशे त्रेपन्नच्या पौषात मोजणीदार जगदेव मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर शेताच्या हद्दी मोजायला गेला. सगळा तांडा कामासाठी परगावी गेलेला. दारांना कड्या, चुली थंडगार, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मागे राहिली होती ती एकटी म्हातारी रामीबाई. तिनं त्याला पाणी दिलं आणि मांडीवरचं पांढरं कापड सारखं करत म्हणाली,

"तुमी मोजता ना बाबू? माह्या पोराचं, रूपलाचं माप काढून द्या. दरसाल त्याले सदरा शिवतो मी. आता अंदाज नाई लागत."

"बोलवा त्याले."

"उभाच हाय तो."

तिनं दाखवलं तिथं, अंगणाच्या पार टोकाला, कुणी नव्हतं. मातीवर फक्त सावली होती. माणसाची. पाय तिकडं, डोकं घराकडं. आसपास झाड नाही, खांब नाही.

"नऊ वर्साचा होता. इहिरीत पडला... तेरा सालं झाली."

जगदेवला चालू लागावं असं वाटलं. पण म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत होती. कित्येक दिवसांत तिच्याशी कुणी बोललं नसावं. त्यानं तीन फुटांची काठी मातीत रोवली. काठीची सावली भरली साडेचार फूट, माणसाच्या सावलीची लांबी आठ फूट. त्यानं शाळेतलं त्रैराशिक मांडलं. साडेचाराला तीन, तर आठाला किती?

पाच फूट चार इंच.

"मंग वाढला मनायचा," रामीबाई हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

मातीतली ओल असेल, जगदेवनं मनाची समजूत घातली. ऊन कलेपर्यंत तो थांबला. ओल असती तर जागची हलली नसती. काठीची सावली सहा फूट झाली तेव्हा ती दुसरी दहा फूट आठ इंच भरली. त्याच प्रमाणात वाढलेली. हिशेब केला, तर पुन्हा पाच फूट चार इंच.

म्हणजे तिथं खरंच कुणीतरी उभं होतं.

त्यानं खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप काढलं, उजव्या हाताचं काढलं. रामीबाई उंबऱ्याच्या आत बसून भराभर कापड कापत होती, टाके घालत होती. सूर्य टेकला. सावली लांबत लांबत दाराशी आली. जगदेव डाव्या हाताचं माप घ्यायला वाकला, तर तो हात अंगालगत नव्हताच... तो डोक्याच्या वर उचललेला होता, घराच्या दिशेनं.

"बाबू, दुसरी बाही केवढी ठेवू?"

बोटांची सावली उंबरा ओलांडून आत गेली होती, रामीबाईच्या पदरापर्यंत. वारा अजिबात नव्हता. पदराचं टोक ताणलं गेलं... आणि तसंच ताठ राहिलं.

रामीबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"थांब ना रे बापा," ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "शिवूनच राह्यलो."