मिक्सर जळालाच नव्हता!

"मी नाही बिघडवला! नाही, नाही, नाही!" ठिणगीने पाय असा आपटला की ओट्यावरचे चमचे खणखणले.

"काल कोणी उघडला होता मग? मी?" काकांनी बंद पडलेल्या मिक्सरकडे बोट दाखवलं.

"मिक्सर नाही, फक्त भांडं! त्याचं रबर झिजलं होतं, ते बदललं. आज सकाळी त्यातच आजोबांचं सूप झालं की!"

"आणि दुपारी मी उकडलेली गाजरं घातली तर ठप्प! मोटर जळली. पाच वाजता भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकतो. आणि तुझी ती हत्यारांची पेटी सुट्टी संपेपर्यंत माझ्या कपाटात!"

पेटी कपाटात आणि किल्ली काकांच्या खिशात गेली. ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. ती पेटी आजोबांची होती! जन्मभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेल्या आजोबांनी याच सुट्टीत ती तिच्या हातात दिली होती.

आजोबा कोपऱ्यात रिकामा वाडगा घेऊन बसले होते. जबड्याच्या ऑपरेशनमुळे दोन आठवडे त्यांना चावता येणार नव्हतं आणि बोलताही येणार नव्हतं. त्यांनी पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी तिला विचार,' आणि पाटी उंच धरली. पण काकांचा फोन वाजला होता. फोन वाजला की काकांना दुसरं काही दिसत नसे. ते बोलत बोलत बाहेर निघून गेले.

"बघितलंस तुझ्या बाबांना?" ठिणगी ढापण्यावर उखडली.

"माझ्यावर का ओरडतेस? मी काय केलं?" ढापण्याने चष्मा वर ढकलला. तो काकांचा मोठा मुलगा, ठिणगीपेक्षा एक वर्षाने मोठा आणि दहापट शांत. "पाच वाजायला अजून तास आहे. चिडायचंय की बघायचंय?"

"दोन्ही!" ठिणगी म्हणाली आणि आजोबांनी शिकवल्याप्रमाणे तिने आधी प्लग काढला. मग भांडं उतरवून मिक्सर उलटा केला.

तळाला हवेसाठी जाळी होती. ठिणगीने नाक जवळ नेलं. "तापल्याचा वास आहे, पण जळल्याचा नाही. आणि हे काय?"

जाळीच्या फटींत निळे, मऊ धागे अडकले होते.

"निळा मिक्सर?" शेपूट म्हणाला. हा ढापण्याचा आठ वर्षांचा धाकटा भाऊ कायम या दोघांच्या मागे असे, म्हणून त्याचं नाव शेपूट.

"मिक्सर पांढराच आहे रे. निळं काय आहे या घरात?"

"पायपुसणं!" शेपूट किंचाळला आणि न्हाणीघराकडे धावला.

जाडजूड, केसाळ, निळंशार पायपुसणं ओट्यावर आलं. त्यावर गाजराचा केशरी डाग होता आणि चार गोल खळगे होते. ठिणगीने मिक्सर वर ठेवला. चारही पाय खळग्यांत बरोबर बसले!

"न्हाणीघरात कोण गाजरं खातं?" ढापण्या पुटपुटला. मग तो एकदम लाल झाला. "दुपारी बाबा फोनवर होते. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी हे खाली घातलं आणि गप्पा मारत मिक्सर चालूच ठेवला! मग हे परत न्हाणीघरात टाकलं!"

"म्हणजे हवाच बंद! तापला बिचारा!" ठिणगीच्या मुठी आवळल्या. "आणि बोलणी मी खाल्ली!"

तळाला एक छोटं लाल बटण बाहेर आलं होतं. मोटर फार तापली की ते उडतं आणि मिक्सर आपणच बंद होतो, हे ठिणगीला ठाऊक होतं. तिने ते दाबलं. ते परत बाहेर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बाहेर!

"गेलाच का खरा?" शेपटाचा आवाज बारीक झाला.

ठिणगीने तळाला हात लावला. "चांगलाच गरम आहे अजून! थंड व्हायला हवा. अर्धा तास तरी."

तेवढ्यात खालून आरोळी आली, "भंगाऽऽर!" मेल्याला आजच वेळेआधी यायचं होतं!

"शेपट्या, पळ! त्याला थोपव!"

शेपूट पळाला. त्याने भंगारवाल्याला एक रिकामा डबा नेऊन दिला. मग वर येऊन दुसरा नेला. मग तिसऱ्याचं झाकण. "अरे बाळा, सगळं एकदम आण ना!" भंगारवाला वैतागला. "मी लहान आहे ना!" शेपूट म्हणाला आणि झाकण परत मागून वर आला.

इकडे ढापण्याने जुन्या ब्रशने फटी साफ केल्या. ठिणगी पुठ्ठ्याने वारा घालत होती, आणि रागारागाने घालत असल्यामुळे वारा चांगलाच लागत होता.

अखेर जिना चढून भंगारवाला स्वतःच दारात आला. त्याच्यामागे काका होते आणि नोकरीवरून परतलेल्या काकूही.

"घेऊन जा तो मिक्सर," काका म्हणाले.

"थांबा!" ठिणगीने लाल बटण दाबलं. टक्! बटण आत राहिलं. मिक्सर सरळ करून तिने गाजरांचं भांडं वर बसवलं. तिने प्लग लावला, झाकणावर हात ठेवला आणि खटका फिरवला.

घुर्रर्रर्र!

"आं?" काका गडबडले. "आपोआप बरा झाला वाटतं!"

"आपोआप?" ठिणगीने मिक्सर बंद करून पायपुसणं त्यांच्यासमोर धरलं. "हे कोणी घातलं खाली? जाळी कोणी बंद केली? तुमची चूक झाली, ते ठीक आहे, काका. चूक कोणाचीही होते. पण तुम्ही मला एकदासुद्धा विचारलं नाहीत! सरळ चोर ठरवलंत!"

काकूंनी पायपुसण्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "अहो, पाय पुसायचं फडकं स्वयंपाकाच्या ओट्यावर?"

भंगारवाला हसू दाबत म्हणाला, "साहेब, पोरगी हुशार आहे. मिक्सर काही मला मिळत नाही आज."

काका काही बोलणार, तोच कोपऱ्यात टकटक झाली. आजोबांनी पाटी पुसली नव्हती. तीच पाटी त्यांनी पुन्हा उंच धरली.

'आधी तिला विचार.'

काकांनी ती या वेळी वाचली. दोनदा वाचली. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो न बघताच बंद केला, कपाट उघडलं आणि पेटी दोन्ही हातांनी ठिणगीपुढे धरली. "चुकलो, बाळ. माफ कर मला."

"करीन," ठिणगी पेटी छातीशी धरत म्हणाली. "पण अजून थोडा राग आहे. तो संपला की करीन!"

आजोबांना हसता येत नव्हतं, तरी त्यांचे खांदे हलले. त्यांनी पाटी पुसून 'शाबास, तिघेही!' असं लिहिलं आणि रिकामा वाडगा काकांच्या हातात दिला.