बारका माल वर

प्रेमाला वेळकाळ नसतो, असं थोरामोठ्यांनी फार गंभीर चेहऱ्यानं सांगून ठेवलं आहे. सुचिताच्या बाबतीत ते बुधवारी सव्वाअकरा वाजता आलं, आणि नेमकी तेव्हा लाइट गेलेली होती.

वाशीमच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत तिचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, दाखले. आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ती 'भाऊ' म्हणायची. एकतीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या बाईला गल्लीत दुकान चालवायचं तर हा शब्द कुलपासारखा कामी येतो.

"मॅडम, एक माणूस काढून टाकायचा आहे," दारातून आवाज आला.

"कोण, भाऊ?"

"मीच."

तिनं मान वर केली. उंच, सावळा, इस्त्रीचा शर्ट. आणि कॉलरला चिकटलेली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी. सकाळच्या बाजारात कोथिंबीर उतरवून हा थेट इकडे आला होता, हे त्या काडीनं सांगून टाकलं. काडी झटकायला सांगावं असं तिला वाटलं... मग वाटलं, राहू द्यावी. बरी दिसते.

तो आसेगावचा धीरज. त्याचं काम सुचिताच्या मामांच्या संकेतस्थळाशी होतं. जगदेवमामांनी अकरा वर्षांपूर्वी 'वऱ्हाडी जुळवाजुळव' नावाचं लग्न जुळवणारं संकेतस्थळ काढलं होतं. पुढे मोबाइलमध्ये अ‍ॅप आली, लोक अंगठ्यानं एकमेकांना पसंत-नापसंत करू लागले, आणि मामांचं संकेतस्थळ लग्न आटोपलेल्या मांडवासारखं रिकामं झालं. ते सुचिता सांभाळायची, म्हणजे बंद करायची विसरायची. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'आतापर्यंत जुळलेले विवाह : २१४'. हा आकडा मामांनी उद्घाटनाच्या दिवशीच टाकला होता. रिकामी पाटी बरी दिसत नाही, म्हणाले होते.

"माह्या बापानं नऊ वर्षांपयले माह्यी माहिती भरली होती," धीरज म्हणाला. "ते आता नडून राह्यली."

"काहून?"

"एका अ‍ॅपवर पुण्याची मुलगी आहे. उज्ज्वला. दोन महिने झाले, बोलणं चांगलं चालू आहे. तिनं माह्यं नाव शोधलं, तं हे निघालं. आता विचारून राह्यली, हा तूच का?"

"मग काय सांगितलं?"

तो छताच्या बंद पंख्याकडे पाहत राहिला. "...दुसराच धीरज आहे म्हणलं. आसेगावात तीन आहेत."

"आहेत?"

"मीच एक आहे."

तेवढ्यात लाइट आली. सुचितानं पान उघडलं. फोटोत तेवीस वर्षांचा धीरज कॅमेऱ्याकडे हरवलेल्या माणसासारखा बघत होता. खाली मजकूर होता :

'मुलगा घोरतो. दहावीला गणितात एकदा राहिला. शेती तीन एकर, वांगे व सांबार. विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत. सायकलवरून पडल्याने समोरचा अर्धा दात नाही. राग आला तर जेवत नाही, पण दुसऱ्याला जेवू देतो. आईच्या आजारपणात तीन महिने स्वयंपाक केला. पोळ्या गोल होत नाहीत.'

सुचितानं ते एकदा वाचलं. मग उगाच काहीतरी तपासल्यासारखं करून पुन्हा वाचलं. तीन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा मोडला होता, तो मुलगा कागदावर इतका गुळगुळीत होता की पाय ठेवायलाही जागा नव्हती. नोकरीपासून वयापर्यंत सगळं चकचकीत, आणि सगळंच खोटं.

"दात खरंच अर्धा आहे?"

तो हसला. होता.

"अ‍ॅपवर काय लिहिलं आहे?"

त्यानं संकोचून मोबाइल पुढे केला. काळा चष्मा, कोणाच्या तरी ट्रॅक्टरला टेकलेला धीरज, ओठ घट्ट मिटलेले. खाली 'संस्थापक, कृषी उद्योग'.

"कोणता उद्योग?"

"वांगेच. पण इंग्रजीत."

आता काम एका मिनिटाचं होतं. पण सुचितानं खुर्ची जरा मागे घेतली.

"असं काढता येत नाही, भाऊ. ज्यानं माहिती भरली, त्यानंच येऊन सही करायची. नियम आहे."

नियम होता, हे खरं. सुरुवातीच्या काळात भाऊबंद एकमेकांच्या पोरांची स्थळं गुपचूप काढून टाकू लागले होते, म्हणून मामांनी तो केला होता. तो पाळण्याची सुचिताची ही पहिलीच वेळ होती, हेही खरं.

"रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आहे," धीरज काकुळतीला आला.

"वडिलांना पुढच्या बुधवारी आणा. तोवर कॉलवर झोपू नका. घोरण्याचा विषय निघणार नाही."

रविवारचा कॉल त्यानं पाहुणे आल्याचं सांगून पुढच्या रविवारवर ढकलला. बुधवारी वडिलांना घेऊन आला. शालिकराम आले ते वांग्यांची पिशवी घेऊनच. ती टेबलावर ठेवताना सुचिताला दिसलं, वर सगळी बारकी, वाकडीतिकडी वांगी.

"खाली हात घाल, पोरी," ते म्हणाले.

खाली एकेक वांगं काळंभोर, काटेरी देठाचं.

"बाजारात सारे कॅरेटमध्ये चांगला माल वर मांडतात. मी बारका वर मांडतो. गिऱ्हाईक घरी जाऊन कॅरेट उलटं करते, तवा शिव्या नाई देत. हर बुधवारी माह्याच कॅरेटले हुडकत येते."

"बाबा, हे वांगे नाई, माह्यं लग्न आहे!" धीरज कळवळला.

"म्हणून तं जास्त बारकाईनं भरलं." शालिकरामांनी पेन उचललं. "यातलं खोटं काय ते सांग. लगेच सही करतो."

धीरज पडद्याजवळ वाकला. एकेक ओळ बोटानं वाचत गेला. सांबाराचा वास सुचिताच्या खांद्याशी आला आणि तिथंच थांबला.

"घोरतो म्हणून लिहिलं. मले काय मालूम? मी झोपेल असतो."

"मले मालूम आहे. पुढं?"

पुढं काही नव्हतं. पोळ्यांपाशी येऊन बोट थांबलं. त्या वर्षी आई वाचली नव्हती. एवढं मात्र बापानं लिहिलं नव्हतं.

शालिकरामांनी सही केली आणि कागद मुलाच्या हातात दिला. "तूच दे तिले. तुह्या हातानं." आणि पिशवी तिथंच सोडून ते बाहेर पडले.

धीरजनं कागदाकडे पाहिलं. घडी घातली. खिशात ठेवली.

"देणार नाही?" सुचितानं विचारलं.

"रविवारी बोलतो तिच्याशी. मंग देतो." दारात तो वळला. "मॅडम, तुमाले यातलं सगळ्यात वाईट काय वाटलं?"

"विहीर."

"आणि चांगलं?"

"तेही इथंच सांगू? गिऱ्हाईक आहे बाहेर."

आज आपण त्याला एकदाही भाऊ म्हटलं नाही, हे तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं. पुढचे सात दिवस तिनं इतरांना दुप्पट भाऊ म्हणून ती तूट भरून काढली. रविवारी मात्र दुकान बंद असताना ती उगाच येऊन बसली. पुण्यात काय ठरतंय, हे वाशीमच्या खुर्चीत बसून कळत नाही. तरी बसली.

तिसऱ्या बुधवारी धीरज अकरालाच आला. घडी घातलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला. सुचिताचा हात तिथवर गेलाच नाही.

"फाडा," तो म्हणाला. "सगळं सांगतलं तिले. ट्रॅक्टर गंगूकाकाचा, दात माहा. ते बिचारी चांगली होती. म्हणे, वांगे विकतोस त्याचं काईच नाई. दुसराच धीरज आहे म्हणालास, त्याचं आहे."

"वाईट वाटलं?"

"वाटलं ना." तो स्टुलावर टेकला. "पण चष्मा काढल्यावर बरंही वाटलं. दोन महिने मी हर फोटोत ओठ मिटून हसून राह्यलो होतो, मॅडम. गाल दुखत होते."

सुचितानं कागदाचे चार तुकडे केले. मग बराच वेळ तिनं कीबोर्ड पुसला. आणि पडदा त्याच्याकडे फिरवला.

संकेतस्थळावर नवी नोंद होती. फोटो नव्हता.

'मुलगी एकतीस. साखरपुडा एक, मोडलेला. चहा पांचट करते. चूक कबूल करायला दोन दिवस लागतात, या वेळी पंधरा लागले. सही न घेताही माहिती काढता येत होती. मुद्दाम काढली ना...'

मजकूर मध्येच तुटला होता.

धीरजनं सावकाश वाचलं. "म्हंजे मले चकरा मारायले लावल्या?"

"हो."

"काहून?"

"...पुन्हा याल म्हणून."

बाहेर एक एसटी जोरात हॉर्न देत वळली. दोघांनीही तिच्याकडे फार लक्षपूर्वक पाहिलं.

"हा तं सारा बारका माल झाला," तो म्हणाला. आता अर्धा दात चांगला दिसत होता. "खाली चांगला नाई का?"

"आहे ना. पण मुलींच्या रकान्यात एवढीच अक्षरं मावतात. मामांनी तसंच बनवलं आहे."

"मंग ते कसं पाहायचं?"

"कॅरेट उलटं करून," सुचिता म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

शेवटचा रकाना 'अपेक्षा' असा होता, तो रिकामा होता. धीरजनं कीबोर्ड ओढला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं : 'बुधवारी दुकान उघडं असावं.'

ती वाकून वाचत होती. वाचता वाचता तिनं त्याच्या कॉलरवरची काडी काढली. झटकली मात्र नाही. मुठीत धरून ठेवली.

लग्न मार्चमध्ये आसेगावला झालं. विहिरीला तेव्हा पाणी नव्हतं, टँकर आणावा लागला. पंगतीत जो तो विचारत होता, कोणत्या अ‍ॅपवर जमलं, आणि संकेतस्थळावर म्हटलं की लोक 'अजून असते का ते?' म्हणून पुढच्या वाढप्याकडे वळत होते.

संकेतस्थळाच्या इतिहासातलं हे पहिलंच लग्न. दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवमामांनी पहिल्या पानावरचा आकडा दोनशे पंधरा केला.