मिनिटाला एक लिटर

अब्बांना हायवेपर्यंत जिवंत पोचवायचं, एवढ्याचसाठी ती होडी निघाली होती. अंतर म्हणाल तर दीड किलोमीटर, एरवी रिक्षाने दहा मिनिटांचं. पण दोन दिवसांचा पाऊस आणि खाडीचं उधाण एकदमच आलं आणि कशेळीमागच्या त्या वस्तीत पाणी कंबरेच्या वर चढलं. पहाटे वीज गेली आणि सत्तार मिस्त्रींचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं.

होडीत तिघं होते. नाकात नळी लावून पुढे वाकलेले सत्तार. निजामपुऱ्यातल्या कापड कारखान्यांत चाळीस वर्षं लूम दुरुस्त करताना त्यांनी कापसाची धूळ छातीत भरून घेतली होती. मांडीवर छोटा सिलिंडर आवळून बसलेली त्यांची मुलगी सालेहा. हवा चांगली म्हणून तिनेच त्यांना इकडे आणलं होतं. आणि मागे बांबू टेकत होडी ढकलणारा शेजारचा म्हातारा तुळशीराम. चौथी फक्त आवाजाने सोबत होती. ती रुचिका सिस्टर, घरी ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटांना फोनवरून सांभाळणारी नर्स. तिचा कॉल चालू ठेवून सालेहाने आपला मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात अडकवला होता.

सालेहाला सगळ्यात जास्त राग त्या आवाजाचाच येत होता. अब्बांना धाप लागली तसा तिने सिलिंडरचा व्हॉल्व्ह मिनिटाला चार लिटरवर नेला होता; कुठल्याही लेकीने नेला असता. सिस्टरने आधी तो दोनवर आणायला लावला. अशा फुप्फुसांना जास्त ऑक्सिजन दिला तर माणूस गुंगतो, श्वासच मंदावतो, असं तिने शांतपणे समजावलं. बोटावरच्या क्लिपवर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दिसला तरी पुरे, म्हणाली. पुरे! कोरड्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या बापाचा श्वास मोजायला हिचं काय जातं, असं सालेहाच्या ओठावर आलं होतं.

तिवरांच्या झाडीत होडी शिरली तेव्हा पाणी गढूळ आणि वरवर संथ होतं. फांद्यांना चिखलाने माखलेल्या चिंध्या लोंबत होत्या, बगळे मान आखडून बसले होते आणि कुठल्याशा गोदामातून सुटलेली खोकी एकामागोमाग एक सावकाश वाहत चालली होती. मग नाल्याचं तोंड आलं. होडी गर्रकन फिरली! एक निळं पिंप धाडकन बाजूवर आदळलं. पाणी आत आलं. सालेहाने एका हाताने सिलिंडर धरला, दुसऱ्याने अब्बांची कॉलर. तुळशीरामने बांबू चिखलात रोवला, छाती त्याच्यावर टाकली आणि दात खाऊन होडी तशीच धरून ठेवली. धार ओसरली. होडी पुढे सरकली.

आणि समोर भिंत!

नव्या गोदामाचं कुंपण नाल्याच्या पार आडवं गेलं होतं. भिंतीचा माथा पाण्यावर जेमतेम वीतभर दिसत होता. पलीकडेही पाणीच, आणि त्यापलीकडे हायवेवरच्या ट्रकांच्या रांगेत सालेहाचा नवरा मुबश्शिर अँब्युलन्सजवळ उभा राहून हात हलवत होता.

"ही जमीन कोणाची, काका?" सालेहाने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"माझी व्हती. मीच इकली." तुळशीरामने मान वर केली नाही. "पानी जायाला वाट सोडू, घेनारे म्हनले व्हते."

"आणि तुम्ही बघत राहिलात."

तुळशीरामने बांबूने होडी भिंतीलगत थोपवली. बाहेरून खाडीच्या बाजूने गेलं तर धार होडी उलटवेल, एवढंच त्याने पुढे सांगितलं. भरती चढते आहे, तासाभरात भिंत बुडेल, तोवर थांबायचं.

अब्बांना उचलून भिंतीपलीकडे घेऊ, सालेहा म्हणाली. फोनमधून सिस्टरने साफ नकार दिला. हात वर करायला ज्याचा श्वास पुरत नाही, तो माणूस या ओढाताणीत जाईल. मग तिने सिलिंडरचा काटा कुठे आहे ते विचारलं आणि हिशेब सांगितला. मिनिटाला दोन लिटरने पाऊण तास. एक लिटरने दीड तास. "एकवर आणा, सालेहाताई."

सालेहाचा बांध फुटला. तिने सिस्टरला तोंडाला येईल ते सुनावलं, तिच्या खुर्चीसकट आणि तिच्या शांतपणासकट. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं.

"मला हव्या तेवढ्या शिव्या द्या," ती म्हणाली. "पण आधी एकवर आणा."

सालेहाने व्हॉल्व्ह फिरवला. त्या क्षणी तिला स्वतःचाही राग आला.

क्लिपवर सत्याऐंशी. शहाऐंशी. सिस्टरने अब्बांना कोपर गुडघ्यांवर टेकायला लावले आणि ओठ आवळून सावकाश फुंकर घालत श्वास सोडायला सांगितलं. स्वतः ती फोनमधून आकडे मोजत राहिली, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. तुळशीराम विटांचे थर मोजत होता. पाणी चढायचं नावच घेत नव्हतं! पंच्याऐंशी.

"थोडा बढा, बेटी," अब्बा पुटपुटले.

आयुष्यात त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. सालेहाचा हात व्हॉल्व्हवर गेला आणि तिथेच थांबला. "नाही, अब्बा," ती म्हणाली आणि सिस्टरच्या आवाजात आवाज मिसळून तीही मोजायला लागली. रडत होती, पण मोजत होती.

पाऊण तासाने माथा बुडाला. होडीपुरतं पाणी चढायला आणखी अर्धा तास. मग तुळशीराम पाण्यात उतरला, भिंतीवर उभा राहिला आणि त्याने होडी ओढली. तळ खरवडला! अडकली! पुन्हा हिसका! करकरत होडी पलीकडे घसरली.

अँब्युलन्समध्ये मोठा सिलिंडर जोडला तेव्हा छोट्याचा काटा शून्यावर टेकत होता. क्लिपवर हळूहळू एकोणनव्वद आलं. सालेहाने फोनवर आकडा सांगितला. मग सिस्टरचा आवाज आला, चिरकलेला.

"त्याच वस्तीत माझे अजून दोन पेशंट आहेत. होडी परत जाईल का? पण ओहोटी लागल्यावर ती भिंत..."

सालेहाने तुळशीरामकडे पाहिलं. तो हायवेकडेच्या पंक्चरवाल्याच्या टपरीतून लोखंडी पहार उचलून आणत होता.

"बाईला सांग, जाईल," तो म्हणाला. "वाट मी करून ठेवतंय."

पहार त्याने होडीत टाकली. बसायलाही तो थांबला नाही. उभ्यानेच बांबू टेकून भिंतीकडे निघाला.